बऱ्या दिवसाचे आकडे

गाडीला काहीही झालेलं नसताना स्कॅनर लावून बघा, असा सल्ला मी देते तेव्हा समोरचा माणूस हसतो. बाईंना मोकळा वेळ बराच दिसतोय, असं त्याला वाटत असणार. पुढे त्याच माणसाच्या डॅशबोर्डवर पिवळी लाईट लागते आणि संध्याकाळी फोन येतो, "मॅडम, तुमचं ते यंत्र घेऊन येता का जरा?" मी जाते, यंत्र लावते, कोड वाचते. मग मला एकच गोष्ट विचारायची असते आणि तिचं उत्तर त्याच्याकडे नसतं: गाडी बरी होती तेव्हा हे आकडे किती होते?

मी साताऱ्यात कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. घरातली पेट्रोल हॅचबॅक मीच चालवते आणि मीच सर्व्हिसिंगला नेते. नवऱ्याला गाडीत बसल्यावर झोप लागते. गॅरेजमध्ये बाई एकटी गेली की तिच्याशी कसं बोललं जातं ते वेगळं सांगायला नको. "सेन्सर गेलाय मॅडम, नवा टाकून देतो." कुठला सेन्सर? तो गेला हे कशावरून? "कॉम्प्युटरवर आलंय ना." त्या 'आलंय ना'चा राग येऊन मी हा स्कॅनर मागवला. विज्ञानाची आवड, जिज्ञासा वगैरे कारणं मी नंतर लोकांना सांगायला लागले.

यंत्र मुठीत मावेल एवढं. स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याच्या जरा वर, सोळा पिनांचं एक सॉकेट असतं. बहुतेक लोक दहा वर्षं गाडी चालवतात आणि ते त्यांनी कधी पाहिलेलं नसतं. त्यात हे खुपसायचं, चावी फिरवायची, मोबाईलच्या ब्लूटूथमध्ये नाव दिसलं की १२३४ नाहीतर ०००० हा पिन टाकायचा आणि एखादं ॲप उघडायचं. ॲपल फोनवाल्यांची थोडी अडचण होते. साधा ब्लूटूथचा स्कॅनर त्या फोनशी जुळत नाही, वाय-फायवर चालणारा किंवा नव्या धाटणीच्या ब्लूटूथचा घ्यावा लागतो. आतली चिप बहुतेक वेळा ईएलएम ३२७ ची नक्कल असते. एल्म इलेक्ट्रॉनिक्स नावाच्या कॅनडातल्या छोट्या कंपनीने ही चिप बनवली. पहिल्या आवृत्तीतला प्रोग्रॅम कुणी उतरवून घेणार नाही याची सोय तिने केलेली नव्हती, आणि मग जगभर नकलांचा सुळसुळाट झाला. कंपनी २०२२ मध्ये बंद झाली, नकला जोरात चालू आहेत. काही स्वस्त नकला सगळ्या गाड्यांशी बोलत नाहीत. काही बोलतात, पण इतक्या सावकाश की आकडा पडद्यावर येईपर्यंत इंजिन पुढे गेलेलं असतं. म्हणून नवा स्कॅनर आधी ठाऊक असलेल्या गाडीवर लावून बघावा आणि मगच दुसऱ्याच्या गाडीबद्दल मत द्यावं.

हे सॉकेट गाडीच्या मालकासाठी केलेलंच नाही, हे कळलं तेव्हा माझ्या डोक्यातल्या बऱ्याच गोष्टी जागेवर बसल्या. त्याचं मूळ लॉस एंजेलिसच्या धुरक्यात आहे. हागेन-स्मिट नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १९५० च्या सुमारास दाखवून दिलं की शहरावर साचणारं ते डोळे चुरचुरवणारं धुरकं बऱ्याच अंशी मोटारींच्या धुरातून होतं. त्यातून कॅलिफोर्नियात कडक नियम आले आणि पुढे असाही नियम आला की धूर शुद्ध ठेवणारी यंत्रणा बिघडली तर गाडीने स्वतःच ते सांगायचं. १९९६ पासून अमेरिकेतल्या सगळ्या नव्या मोटारींना एकाच प्रकारचं सॉकेट आणि एकाच पद्धतीचे कोड सक्तीचे झाले. आपल्याकडे भारत स्टेज ४ बरोबर २०१० मध्ये पहिला टप्पा आला आणि २०१३ पासून दुसरा. त्याआधीच्या गाड्यांत सॉकेट असलं तरी साधा स्कॅनर तिथे अनेकदा मुका राहतो.

तर ती पिवळी लाईट हवेसाठी आहे. तिला तुमच्या ब्रेकची, क्लचची, शॉकॲबची काळजी नाही. ब्रेक पॅड पत्र्याला लागले तरी ती लागणार नाही, आणि पेट्रोलच्या वाफा टाकीतून जराशा निसटल्या तर काही गाड्यांत लागू शकेल. एबीएस आणि एअरबॅगचं बोलणंही स्वस्तातल्या स्कॅनरला बहुधा कळत नाही. यंत्र लावून "सगळं ओके" आलं म्हणजे गाडी ओके, असं समजणाऱ्यांना मी हे आधी सांगते. त्यांना ते आवडत नाही.

माझी वही सुरू झाली ती मात्र गाडीसाठी नाही, वर्गासाठी. समुद्रसपाटीपासून उंच गेलं की हवेचा दाब कमी होतो, हे पुस्तकात असतं आणि मुलं ते पाठ करतात. इंजिनाच्या हवा घेण्याच्या नळकांड्यात दाबाचा एक सेन्सर असतो. चावी फिरवलेली पण इंजिन बंद, अशा वेळी तो सरळ बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो. म्हणजे माझ्याकडे चाकांवरचा वायुभारमापक होता. साताऱ्यात घरासमोर त्याने ९३ किलोपास्कल दाखवले. मेढ्यावरून केळघर घाट चढून महाबळेश्वरला पोचलो तेव्हा ८७. पुढे आंबेनळी घाट उतरून पोलादपूरला थांबलो तर शंभराच्या आसपास. लेक शेजारच्या सीटवर बसून आकडे लिहीत होती. दर थांब्याला इंजिन बंद करायचं आणि चावी पुन्हा अर्धी फिरवायची, त्यामुळे मागे झोपलेल्या नवऱ्याची झोप मोडत होती. दुसऱ्या दिवशी मी तो आलेख फळ्यावर काढला. मुलांना दाबापेक्षा मॅडम बोनेटखालचं काहीतरी जाणतात याचं जास्त कौतुक वाटलं, पण तेही चालेल.

दाबाबरोबर पडद्यावर दिसणारे बाकीचे आकडेही लेकीने उत्साहात लिहून ठेवले होते. कूलंटचं तापमान, बॅटरीचा व्होल्टेज, इंजिन नुसतं चालू ठेवल्यावरचे फेरे, फ्युएल ट्रिम. सवय लागली आणि आम्ही महिन्यातून एखाद्या रविवारी ते लिहीत राहिलो. माझ्या गाडीला तापमानाचा काटाच नाही. गार असताना निळा दिवा, फार तापली तर लाल, आणि मधल्या सगळ्या प्रवासात काहीच नाही. वहीमुळे मला कळलं की तिचा पंखा ९७ अंशांना सुरू होतो आणि ९२ ला थांबतो, आणि मे महिन्यात खंबाटकी चढताना एसी चालू असला तर ती शंभरापर्यंत जाते आणि उतारावर आपोआप सावरते. सकाळी सेल्फ मारायच्या आधी बॅटरी १२.५ च्या वर असते, इंजिन सुरू झाल्यावर १४ ला जाते. डॅशबोर्डवर ताशी शंभर दिसतात तेव्हा इंजिनाच्या हिशेबात वेग पंचाण्णवच असतो. मीटर थोडं वाढवूनच दाखवतात, हे तेव्हा समजलं. यातलं काहीही कामाचं आहे असं त्या वेळी वाटलं नव्हतं.

शेजारच्या काकांची गोष्ट त्या दरम्यानची. चावी फिरवली की पंखा जोरात सुरू व्हायचा, इंजिन गार असलं तरी. सकाळी सेल्फ बराच वेळ मारावा लागायचा. पंख्याची मोटर, रिले, असं एकेक बदलायचा सल्ला त्यांना मिळालेला होता. मी यंत्र लावलं. भर मे महिन्याच्या दुपारी, साताऱ्यात, कूलंटचं तापमान उणे ४० अंश. काका माझ्याकडे बघायला लागले, यंत्र बिघडलंय असं त्यांनी सौजन्याने म्हटलंही. पण हा आकडा शिक्षकाच्या ओळखीचा आहे. सेल्सियस लावा की फॅरनहाइट, उणे ४० दोन्हीकडे एकच. आणि गाडी हे तापमान ० ते २५५ अशा एका आकड्यात साठवते, दाखवताना त्यातून ४० वजा करते. म्हणजे उणे ४० चा अर्थ थंडी नव्हे, तिथून काहीच येत नाही असा होतो. हा सेन्सर गार असताना विजेला जास्त विरोध करतो. वायर तुटली की विरोध अमर्याद होतो, आणि इंजिनाच्या संगणकाला वाटतं आपण ध्रुवावर उभे आहोत. मग तो जास्तीचं पेट्रोल सोडतो, आणि आकड्यावर भरवसा उरत नाही म्हणून खबरदारीने पंखाही चालू ठेवतो. बोनेट उघडून वायरीचा माग काढला तर उंदरांनी ती दोन ठिकाणी कुरतडलेली. आमच्या मिस्त्रींनी जोड मारला, टेप गुंडाळली. मोटर आणि रिले दोन्ही वाचले. काकांनी तेव्हापासून माझी कीर्ती सोसायटीभर केली, आणि माझ्या संध्याकाळी गेल्या.

कोडबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज असा की तो कुठला भाग बदलायचा ते सांगतो. तसं नसतं. शाळेतून मुलाच्या डायरीत 'गृहपाठ केला नाही' अशी तक्रार येते, तशी ती नोंद असते. मुलाला ताप होता, वही हरवली होती की त्याने टाळलंच, हे त्या ओळीत नसतं. ते घरी बसून विचारावं लागतं.

माझ्याच गाडीने मला हे नीट शिकवलं. फ्युएल ट्रिम म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. सायलेन्सरच्या पाइपात, इंजिनाच्या जवळ, एक ऑक्सिजन सेन्सर असतो. जळून बाहेर पडलेल्या वायूत ऑक्सिजन उरलाय का ते तो बघतो. उरला असेल तर पेट्रोल कमी पडलं, उरला नसेल तर जास्त झालं, असा अर्थ घेऊन संगणक पेट्रोल वाढवत-घटवत राहतो. वजनाने एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा, हे त्याचं लक्ष्य. ठरलेल्या मापापेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी पेट्रोल द्यावं लागतंय, तो आकडा म्हणजे ट्रिम. माझ्या वहीत तो कायम अधिक ३-४ च्या घरात होता. उणे-अधिक दहापर्यंत गाड्या सुखाने चालतात, त्यामुळे मी निर्धास्त होते. मग एका हिवाळ्यात तो ६ झाला. महाशिवरात्रीच्या सुमारास ९. मार्चअखेर १३. गाडी चालवताना काहीही जाणवत नव्हतं, फक्त पेट्रोल जरा लवकर संपत होतं आणि त्याचा दोष मी उन्हाळ्याला, एसीला देत होते. एप्रिलमध्ये कराडहून येताना लाईट लागली. कोड पी ०१७१, अर्थ मिश्रण विरळ, पेट्रोल कमी पडतंय.

कोड नोंदला जातो त्या क्षणी गाडी आजूबाजूची स्थितीही टिपून ठेवते, तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात. त्यात दिसलं की गाडी उभी होती, इंजिन गरम होतं, आणि ट्रिम वीसच्या पुढे होता. उभी असताना, हे मी अधोरेखित केलं.

एका मोठ्या वर्कशॉपमध्ये दाखवलं. उत्तर आलं, ऑक्सिजन सेन्सर बदला. खर्चाचा आकडा ऐकून मी आमच्या नेहमीच्या मिस्त्रींकडे गेले. त्यांना माझा स्कॅनर पहिल्यापासून खुपत होता. "मोबाईल बघून गाडी दुरुस्त होती का मॅडम?" हे वाक्य मी त्यांच्याकडून अनेकदा ऐकलेलं. पण त्या दिवशी मी कोड सांगितला नाही, वही पुढे केली. डिसेंबर, फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. त्यांनी हात पुसले आणि खाली बसून ती वाचली. गाडी एकदम बिघडली नाही, हळूहळू सरकत आली, हे त्यांनी पहिलं बोलून दाखवलं. सेन्सर जातो तेव्हा बहुधा असा पायरीपायरीने जात नाही, हे त्यांचं अनुभवाचं मत.

मग त्यांनी एक प्लग खोलला. प्लगाचं टोक काळंकुट्ट, काजळी धरलेलं. ते माझ्यासमोर धरून म्हणाले, "कॉम्प्युटर म्हणतोय पेट्रोल कमी. प्लग म्हणतोय जास्त. दोघांतलं एक कोणतरी खोटं बोलतंय."

मला ते वाक्य फार आवडलं, कारण माझ्याकडे यंत्र होतं आणि तरी हा प्रश्न मला पडला नव्हता, तो प्लग खोलणाऱ्याला पडला. आम्ही इंजिन चालू केलं. उभ्या गाडीत ट्रिम चोवीस. मी पाय हलकेच दाबून फेरे अडीच हजारांवर धरले, आकडा उतरत सहावर आला. पंप किंवा फिल्टरची तक्रार असती तर फेरे आणि भार वाढल्यावर आकडा वाढला असता, घटला नसता, कारण तेव्हाच जास्त पेट्रोल लागतं. मिस्त्रींनी विचारलं, "सकाळी गार असताना टक टक असा आवाज येतो का? मग गरम झाली की जातो?" येत होता. मी तो टॅपेटचा समजून सोडून दिलेला. त्यांनी एक्झॉस्टच्या मॅनिफोल्डखाली टॉर्च मारला. जोडाच्या गॅस्केटपाशी काजळीचा एक काळा पंखा उमटला होता.

खोटं कुणीच बोलत नव्हतं. गॅस्केट फाटलेलं, सेन्सरच्या अलीकडे. जळका वायू पाइपातून झटक्याझटक्याने जातो, आणि दोन झटक्यांच्या मध्ये त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला ऑक्सिजन दिसला, त्याने खरं ते सांगितलं. संगणकाने त्याचा अर्थ पेट्रोल कमी पडलं असा लावला आणि आणखी सोडलं. म्हणून प्लग काळा, म्हणून ॲव्हरेज कमी. फेरे वाढले की वायूचा लोंढा सलग होतो, हवा आत शिरायला सवड मिळत नाही, म्हणून आकडा उतरत होता. लोखंड तापून फुगलं की फट थोडी बुजते, म्हणून आवाज जात होता. नवा सेन्सर घातला असता तर त्यानेही इमानदारीने हेच सांगितलं असतं. गॅस्केट बदललं, नट आवळले, आणि ट्रिम थोड्याच दिवसांत ३-४ च्या घरी परत आला. त्या दुरुस्तीच्या वेळी आमच्या दोघांतला हिशेब बदलला. पुढच्या वेळी गेले तेव्हा त्यांनी आधी "वही आणली का?" असं विचारलं.

मिस्त्रींकडे माझ्यापेक्षा कितीतरी चांगला स्कॅनर आहे, टॅबलेटएवढा, माझ्याच्या कितीतरी पट किमतीचा. तो एबीएस वाचतो, एअरबॅग वाचतो, पडद्यावर बोट लावून पंखा सुरू करतो. पण त्यांच्यापुढे गाडी येते ती आजारी पडल्यावरच. ठणठणीत गाडी घेऊन गॅरेजला कोण जातं? कंपनीच्या पुस्तकात अमुक ते अमुक अशी लांबरुंद मर्यादा दिलेली असते, तिच्यात बसणारी गाडीही स्वतःच्या चालीपेक्षा बिघडलेली असू शकते. माझी गाडी १३ वर होती तेव्हा लाईट लागली नव्हती, कुणी यंत्र लावलं असतं तर कोड निघाला नसता. ती बिघडलीय हे फक्त ३ माहीत असणाऱ्याला कळलं असतं. आणि मला ३ माहीत होतं, तरी मी ॲव्हरेजचा दोष एसीला देत होते. वही लिहिणं आणि वही वाचणं ही दोन कामं आहेत.

कोड पुसायचं बटण हे या छंदातलं सगळ्यात त्रासदायक प्रकरण. ॲपमध्ये ते ठळक असतं. दाबलं की लाईट जाते, माणूस खूश होतो. आणि लाईटबरोबर फ्रीझ फ्रेमही जाते, म्हणजे एकुलता साक्षीदार घरी पाठवल्यासारखं. बिघाड तिथेच असेल तर थोड्या दिवसांनी लाईट परत लागते, पण मधल्या दिवसांत गाडी कुठेतरी विकली जाऊ शकते. स्टाफरूममधल्या एका सहकाऱ्यांनी मला हेच सांगितलं, "उद्या एक्सचेंजला द्यायचीय, तेवढी लाईट घालवा." मी नाही म्हटलं. त्यांनी चहा पिताना माझ्याकडे पाहणं बरेच दिवस सोडलं होतं. नाही म्हणायला तत्त्वाचं बळ लागलं असं नाही. नेमक्या उलट बाजूला मी नुकतीच उभी राहून आले होते.

भाच्याला सेकंड हँड गाडी घ्यायची होती. मीटर कमी, रंग चकचकीत, बोलणं गोड. यंत्र लावलं, कोड शून्य. भाचा खूश. पण गाडी कोड पुसल्यापासून किती चालली, हाही एक आकडा सांगते, आणि तो होता १४ किलोमीटर. शिवाय गाडी स्वतःच्या वेगवेगळ्या यंत्रणा अधूनमधून तपासते आणि तपासणी पुरी झाली की तशी नोंद करते. इथे जवळजवळ सगळ्या तपासण्या अपूर्ण होत्या. विक्रेत्याने शांतपणे सांगितलं की कालच बॅटरी बदललीय, वायर काढली की हे सगळं शून्यावर येतं. ते खरं असू शकतं. बॅटरी नवी दिसत होतीही. मी फक्त म्हटलं, चार दिवस नेहमीसारखी चालवा, मग पुन्हा लावून बघू. ते त्यांना जमणारं नव्हतं. भाच्याने ती सोडली आणि जरा महाग दुसरी घेतली. पहिली गाडी त्याच आठवड्यात कुणीतरी घेतली. पोवई नाक्यावर ती मला अजून दिसते, छान पळते. यंत्राने मला संशय दिला होता, निकाल नव्हे, आणि त्या संशयाला किती पैसे मोजायचे ते भाच्याने ठरवलं.

काही वेळा कोडवरचा उपाय पान्यात नसतोच. ओळखीच्या एका डॉक्टरांची डिझेल गाडी, भारत स्टेज ६ ची. घर ते दवाखाना, दवाखाना ते घर. या गाड्यांच्या धुराड्यात काजळी गाळणारी डीपीएफ नावाची जाळी असते. ती साठलेली काजळी सहाशे अंशांच्या आसपास जाळून स्वतःला साफ करते, पण त्यासाठी इंजिन बराच वेळ एका चालीत पळायला हवं. गल्लीबोळात दहा मिनिटं चालणाऱ्या गाडीला ती संधी मिळत नाही. काजळी साठल्याचा कोड होता, पी २४६३. मिस्त्रींनी त्यांना हायवेला पाठवलं, दर रविवारी पुण्याच्या दिशेने निदान खंडाळ्यापर्यंत, वेग एकसारखा ठेवून. डॉक्टर म्हणाले, हे औषध मीच लोकांना देतो, चाला म्हणून.

यंत्र सॉकेटमध्ये कायम लावून ठेवू नये. सोळाव्या पिनेला बॅटरीची वीज चोवीस तास असते, त्यामुळे गाडी बंद असली तरी ते थोडी थोडी पीत राहतं आणि सुट्टीवर गेलेल्या माणसाची बॅटरी उतरते. शिवाय १२३४ हा पिन जगाला माहीत आहे. आणि गाडी चालवता चालवता मोबाईलकडे बघू नये, एवढं तर सांगायलाच नको. आकडे वाचायला शेजारी कुणीतरी असावं, नसेल तर ॲप नोंद ठेवतं, घरी येऊन बघावी. लेक आता पुण्यात शिकते, त्यामुळे मी घरी येऊनच बघते.

मध्यंतरी एका तरुण सहकाऱ्याने विजेवरची गाडी घेतली आणि कौतुकाने माझ्यापुढे आणून उभी केली. सॉकेट होतं, स्कॅनर लागला, पण ओळखीचे आकडे फारसे दिसेनात. ते साहजिक आहे. जिथे धूरच नाही तिथे धुरासाठी केलेली भाषा काय बोलणार. बॅटरीतल्या घटांचे व्होल्टेज, तापमान असं बरंच काही आत असतं, पण ते प्रत्येक कंपनीच्या आपापल्या बोलीत. त्या गाडीसाठी केलेलं वेगळं ॲप शोधून आम्ही ते वाचलं. त्याने विचारलं, हे चांगले आहेत का? गाडी नवी आहे, म्हणजे चांगलेच असणार, लिहून ठेव, मी म्हटलं.

मिस्त्रींनी माझ्या वहीवरून स्वतःचा एक कागद छापून घेतलाय. सर्व्हिसिंग होऊन गाडी निघाली की ते त्यावर कूलंट, व्होल्टेज, फेरे आणि ट्रिम लिहून गिऱ्हाइकाच्या हातात देतात, आणि ज्याच्याकडे असा छोटा स्कॅनर असेल त्याला महिन्याने आकड्यांचा फोटो पाठवायला सांगतात. बहुतेक जण पाठवत नाहीत. टुरिस्ट गाड्या चालवणारे न चुकता पाठवतात, कारण त्यांची गाडी एक दिवस उभी राहिली तर त्या दिवसाचं भाडं बुडतं.